घेतली तेव्हा चालत होती

मला मिक्सरच्या भांड्याची रबरी रिंग बसवता येत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे वाचताना तुम्हाला माझी कीव आली तरी आश्चर्य वाटायचं कारण नाही. नळाचा वायसर बदलणं, गॅसची नळी बदलणं, कुकरच्या शिट्टीतला कचरा काढणं, फ्यूजची तार बांधणं ही आमच्या घरातली सगळी कामं बायको करते आणि त्या वेळी मी टॉर्च धरतो. पण माझ्या टॉर्चचा उजेड नेमका जिथं काम चाललेलं नसतं तिथंच पडत असल्यामुळे अलीकडे टॉर्चसुद्धा ती स्वतःच दातांत धरते आणि मला दूध आणायला पाठवते. अशा माणसानं पन्नाशी उलटलेली फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप विकत घ्यावी आणि मुकुंदवाडीत स्वतःच्या देखरेखीखाली ती मूळ रूपात आणायचं ठरवावं, याला सासूबाई साडेसाती म्हणाल्या. बायको काय म्हणाली ते छापता येणार नाही.

खापर फोडायचंच तर ते वर्तमानपत्रावर फोडता येईल. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी नवा नियम काढल्याची बातमी आली होती. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं होऊन गेलेली आणि मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळणार, वीस हजार रुपये भरले की दहा वर्षांसाठी प्रमाणपत्र, आणि नंबरात 'व्हीए' ही दोन अक्षरं. मी ती बातमी चहा पिता पिता मोठ्यानं वाचली आणि 'व्हीए'पाशी थांबलो. त्याखाली आणखी बऱ्याच ओळी होत्या, त्या वाचल्या नाहीत. खालच्या ओळी वाचायची मला सवयच नाही. माझं सगळं आयुष्य विमा विकण्यात गेलं. खालच्या ओळी न वाचणाऱ्या माणसांवरच आमचं घर उभं आहे.

आणि मग पाचोडच्या बाजूला, एका बंद पडलेल्या पॉलिसीचा हप्ता मागायला गेलो असताना, लिंबाच्या झाडाखाली मला ती दिसली. आधी कोंबड्या दिसल्या. कोंबड्या जिच्यावर बसल्या होत्या ती नंतर दिसली. बॉनेट नावाचा प्रकारच नाही, समोरून थेट सपाट थोबाड, त्यात दोन गोल डोळे, वर उभी काच, मागे उघडा हौदा आणि एकूण उंची लांबीपेक्षा जास्त आहे की काय असा संशय यावा अशी ठेवण. महिंद्राची एफसी-१५०. मूळची ही अमेरिकेतल्या विलीज कंपनीची, १९५६ च्या अखेरीस आलेली. जीपचीच चाकं, जीपचंच इंजिन, ८१ इंचांचा जीपचाच व्हीलबेस. फक्त चालकाला उचलून इंजिनाच्या शेजारी, पुढच्या चाकांच्या वर बसवलेलं, म्हणजे मागे माल टाकायला सहा फुटांहून लांब हौदा मोकळा. ज्यांनी हे थोबाड आखलं ते ब्रूक्स स्टीव्हन्स मोठे नामांकित डिझायनर, आणि त्यांनीच पुढे एका मांसविक्या कंपनीसाठी सॉसेजच्या आकाराची जाहिरातीची मोटार आखली. दोन्ही गाड्यांचे फोटो शेजारी ठेवले की माणूस सातत्यानं काम करत होता हे पटतं. अमेरिकेत ही गाडी फार खपली नाही, साठच्या दशकाच्या मध्यावर तिकडे बंद पडली. तिकडे बंद पडलेलं इकडे चालू ठेवायची आपली परंपरा आहे, त्यामुळे महिंद्रानं ती इकडे सुरू केली आणि पुढे कितीतरी वर्षं पोलीस, रुग्णवाहिका, सरकारी खाती, बाजार समित्या असा तिचा संसार चालला.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा मला फक्त ती आवडली.

"आबा, ही चालू आहे का?" मी तिच्या मालकांना विचारलं.

"चालू?" आबांना प्रश्न कळला नाही. "परवाच मोसंबी टाकून आलो की पाचोडला."

मग त्यांनी कोंबड्या हुसकल्या, आत चढले, दोन वायरी एकमेकींना टेकवल्या आणि लिंबावरचे कावळे उडाले. ती थरथरली, काळा ढग सोडला आणि धडधडत उभी राहिली. आबा सांगू लागले. सत्तरच्या दशकात जायकवाडीचं काम जोरात होतं तेव्हा ही एका ठेकेदाराकडे होती, साईटवर सिमेंटची पोती आणि साहेब लोक दोन्ही वाहायची. बहात्तरच्या दुष्काळात हिच्यातून गावोगाव सुकडी गेली. शहात्तरला धरणाचं उद्घाटन झालं, ठेकेदार दुसरीकडे गेला, गाडी आबांच्या वडिलांकडे आली. पेट्रोल परवडेना म्हणून त्यांनी तिच्यात मॅटॅडोरचं डिझेल इंजिन बसवलं. रेडिएटर ट्रॅक्टरचा, सीट एसटीची, दिवे कुठल्यातरी ट्रकचे, आरसा न्हाव्याकडचा. असं तिनं आबांच्या दोन पोरींच्या लग्नाची वऱ्हाडं वाहिली आणि सगळ्या मळ्याची मोसंबी वाहिली. आता मुलानं नवी पिकअप घेतली होती म्हणून ती विकायची होती. त्यांनी जी किंमत सांगितली ती भंगाराच्या काट्यापेक्षा थोडी जास्त होती. बायकोला मी जी सांगितली ती तिच्या निम्मी होती.

गाडी मी स्वतः चालवत घरी आणली. पाचोडहून आडूळ, तिथून बीड बायपास, मे महिना, दुपार. इंजिन आतच, माझ्या डाव्या मांडीला लागून, आणि त्यावरचं लोखंडी झाकण आबांनी कधीतरी गोठ्यातल्या घमेल्यासाठी वापरलेलं असल्यामुळे त्याच्या जागी एक गोणपाट होतं. डावा पाय क्लचवर असायला हवा होता, पण तो मी बराच वेळ खिडकीतून बाहेर ठेवायच्या प्रयत्नात होतो, आणि खिडकी उजवीकडे होती. स्टेअरिंग आणि चाकं यांचा पत्रव्यवहार चालू होता. मी डावीकडे वळवल्याचं उत्तर पुढच्या वळणावर यायचं. ब्रेक दाबला की सगळं वजन नाकावर येऊन मागचा हौदा हलका व्हायचा, कारण ही जात मुळातच पुढे जड. मुकुंदवाडीत पोचलो तेव्हा माझी डावी पँट आणि उजवी पँट यांचे रंग वेगळे होते.

पण पोचलो. लक्षात ठेवा, ती पाचोडहून मुकुंदवाडीपर्यंत स्वतःच्या चाकांवर चालत आली.

"कोणी सेकंडहँड जीप घेतं का हो?" बायकोनं दारातच विचारलं. मी तिला म्हणालो, अगं, स्वतंत्र भारताचा पहिला गाजलेला घोटाळाच सेकंडहँड जीपचा आहे. १९४८ साली लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी सैन्यासाठी जुन्या जीप मागवल्या, ८० लाखांच्या घरातला सौदा, हाती आल्या १५५ आणि त्याही वापरण्याच्या लायकीच्या नाहीत म्हणून सैन्यानं नाकं मुरडली. संसदेत वर्षानुवर्षं गदारोळ झाला आणि शेवटी १९५५ मध्ये सरकारनं प्रकरण संपल्याचं जाहीर करून टाकलं. सगळ्या देशाचं जिथं असं झालं तिथं मी कोण? तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"त्यांना निदान एकशे पंचावन्न तरी मिळाल्या," ती म्हणाली.

मुकुंदवाडीत रेल्वे रुळांच्या बाजूला, जिथं मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी गाडी गेली की पत्र्याच्या शेडमधले पाने आपोआप वाजतात, तिथं माझा मिस्त्री आहे. त्याला सगळे उस्ताद म्हणतात. उस्तादनं गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं, इंजिन सुरू करून कान लावला, बंद केलं आणि विडी पेटवली.

"साब, गाडी तो मस्त है. इसकू हात नक्को लगाओ."

मला अपमान झाल्यासारखं वाटलं. मी पिशवीतून कागदांची चळत काढली. अमेरिकेत कुणीकुणी आपल्या एफसी कशा नव्या केल्या त्याचे रंगीत फोटो, मुलाच्या ऑफिसातून छापून आणलेले. मी त्याला समजावलं की हिच्यात मॅटॅडोरचं इंजिन शोभत नाही, हिचं मूळ इंजिन २.२ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल हरिकेन, ज्याचा हवा घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतो आणि धूर सोडणारा खाली ब्लॉकमध्ये; असं इंजिन आता कुठं बघायला मिळतं? उस्ताद म्हणाला, नाही मिळत, म्हणूनच. मग त्यानं माझ्याकडे फार प्रेमानं बघितलं.

"साब, चलती गाडी कू कायकू सुलाते?"

हा प्रश्न मी त्या वेळी तांत्रिक समजलो. डिझेल इंजिन त्याच आठवड्यात साखळीनं उचलून बाहेर काढलं. ते बाहेर जमिनीवर ठेवल्यावरसुद्धा उस्तादनं डिझेलची बाटली टांगून, बॅटरी लावून ते एकदा सुरू करून दाखवलं आणि जमिनीवर बसून ते धडधडत राहिलं, तेव्हा तरी मला काहीतरी कळायला हवं होतं. गंगापूरकडचे एक गृहस्थ आले, त्यांना विहिरीवर पाणी उपसायला इंजिन हवं होतं. मी त्यांना ते इतक्या स्वस्तात दिलं की त्यांनी जाताना उस्तादला बाजूला घेऊन साहेबांची तब्येत बरी आहे ना, असं विचारलं.

पेट्रोल इंजिनासाठी मी पुण्याला नाना पेठेत गेलो, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भटकलो, आणि जुन्या जीपांची पंढरी म्हणून जे मंडी डबवाली गाव हरियाणात प्रसिद्ध आहे तिथं फोन करून हिंदीत पंजाबी बोललो. जिथं जाईन तिथं दुकानदार आधी विचारायचे, "गाडी चालू आहे का?" मी अभिमानानं 'नाही' म्हणायचो. अखेर इंजिन मिळालं. ते टेम्पोतून घरी आलं तेव्हा शेडला कुलूप होतं म्हणून चार हमालांनी ते आमच्या पार्किंगमध्ये उतरवलं, आणि लोखंड थेट फरशीवर नको म्हणून मी धावत जाऊन वरून पाट आणला. तो पाट आमच्या लग्नातला, सासूबाईंनी हौसेनं चांदीच्या फुल्या ठोकून दिलेला. इंजिन सुखरूप आहे. त्यानंतर माझी भाऊबीज खुर्चीवर होते.

इथून पुढे काम घरात शिरलं, कारण उस्ताद म्हणायचा, "ये छोटे काम तुम करो साब, दिल बहलेगा." कार्बोरेटर मी स्वयंपाकघरात उघडला. उघडणं सोपं असतं. त्यातून एक बारीक पितळी गोळी टणकन उडाली आणि ओट्यावर निवडायला ठेवलेल्या मुगाच्या परातीत पडली. मग बायको, मी आणि शेजारच्या वहिनी अशा तिघांनी मिळून अख्खे मूग निवडले, गोळी सापडली नाही, आणि त्या संध्याकाळी उसळ खाताना घरातला प्रत्येक जण अत्यंत सावधपणे चावत होता. पुढच्या चाकाच्या बेअरिंगचं तर आणखी. बेअरिंग थंड केलं की आकसतं आणि हब गरम केला की फुगतो, मग एकात एक अलगद बसतात, हे अगदी शास्त्रशुद्ध आहे. म्हणून बेअरिंगं कागदात गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवली आणि हब गॅसवर ठेवला. त्याच वेळी आमची आत्या आली. वय ऐंशीच्या पुढे, दृष्टी अधू, पण फ्रीज उघडायची सवय तरुण. तिनं पांढऱ्या कागदातली ती थंडगार गोल वस्तू काढली, खरवस समजून सुरीनं कापायला घेतली आणि म्हणाली, "अगं, चीक जरा जास्तच झालाय."

सुरी गेली.

मग आला रंग. मूळ रंग कोणता होता ते शोधायला आम्ही एका दारावरचा रंग खरवडायला घेतला. वरचा निळा, त्याखाली पिवळा, त्याखाली कुठल्यातरी निवडणुकीतल्या उमेदवाराचं अर्धं नाव आणि जोडलेले हात, त्याखाली हिरवा, त्याखाली लांबी. लांबी म्हणजे पेंटर लोक खड्डे बुजवायला भरतात ती. तिच्याखाली आणखी लांबी. आम्ही खरवडत गेलो, मोठ्या आशेनं, आता पत्रा येईल, मग पत्रा येईल, आणि एका क्षणी पत्रा न येताच पलीकडची मुकुंदवाडी दिसायला लागली. दार नव्हतंच. ते फक्त लांबीचं होतं, गेली कित्येक वर्षं सवयीनं उभं. उस्ताद म्हणाला, पुराने लोगां का काम मजबूत था. शेवटी नवा पत्रा ठोकून दार केलं आणि सगळ्या गाडीला मी छापलेल्या फोटोवरून हिरवा रंग काढून दिला. छापताना मुलाच्या ऑफिसातली शाई संपत आली होती हे मला नंतर कळलं. अमेरिकेत ती गाडी लाल होती.

गाडी जोडून झाली, पेट्रोल इंजिन सुरू झालं, म्हणजे सकाळी लवकर, हवा थंड असताना, उस्ताद समोर उभा असताना सुरू झालं, आणि मी जाहीर केलं की आता ऑफ-रोड चाचणी. चिकलठाण्याच्या बाजूला सुखना नदीच्या कोरड्या पात्रात मी गाडी घातली. सोबत मेहुणा होता, व्हिडिओ काढायला. वाळू आली, मागची चाकं फिरायला लागली, मी शांतपणे, कॅमेऱ्याकडे बघत, फोर-व्हीलचा दांडा ओढला. आतून 'खड' असा फार समाधानकारक आवाज आला. मी ॲक्सिलरेटर दाबला. मागची चाकं आणखी खोल गेली, पुढची चाकं आपला या प्रकाराशी संबंध नसल्यासारखी उभी राहिली. दांडा मी वेगवेगळ्या पद्धतींनी ओढला, बसून, उभं राहून, देवाचं नाव घेऊन. व्हिडिओत हे सगळं आहे, आमच्या नातेवाईकांत तो अजून फिरतो. शेवटी बांधकामाची खडी घेऊन चाललेला एक छोटा हत्ती थांबला. ज्याला फक्त मागच्या चाकांची ताकद आहे, जो आधीच लादलेला होता, त्या छोट्या हत्तीनं दोरखंड लावून माझी फोर-व्हील-ड्राइव्ह दोन मिनिटांत बाहेर ओढली. चालकानं पैसे घेतले नाहीत. खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "काका, पुढचा जॉईंटच नाही हिला."

पुढच्या चाकांना ताकद पोचवणारा दांडा, प्रोपेलर शाफ्ट, गाडीला नव्हताच. डिझेल वाचावं म्हणून आबांच्या वडिलांनी तो केव्हाच काढून ठेवला होता. मी पाचोडला गेलो. आबांनी आनंदानं दाखवला. तो गोठ्यात होता, मधल्या तुळईखाली टेकू म्हणून उभा, आणि त्याला एक म्हैस बांधलेली होती. "न्या की," आबा म्हणाले, "पण मग वरचं छप्पर तुमी धरू राहिले का?" हा मुद्दा बिनतोड होता. म्हणून आधी लोखंडी खांब आणला, गवंडी लावला, तुळई बदलली, आणि तुळई बदलायचीच तर पत्रेही नवे टाकू असं आबा म्हणाले त्याला नाही म्हणायचा धीर मला झाला नाही. त्या गोठ्याचं काम मात्र पहिल्या झटक्यात झकास झालं.

मुकुंदवाडीत आता माझं नाव झालं होतं. लोक सकाळी फिरायला निघाले की शेडपाशी थांबायचे. एका रविवारी मी गाडी जालना रोडवर काढली. मुकुंदवाडीच्या स्टॉपपर्यंत ती रुबाबात गेली, तिथं उन्हानं पेट्रोल नळीतच उकळून वाफ झालं आणि गाडी बंद पडली. मी ओलं फडकं नळीला गुंडाळायला खाली उतरलो. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही हे तुम्हाला ठाऊक असेल. त्यामुळे बायकोनं दिलेल्या बाटलीतून थेंब थेंब काटकसरीनं मी ते फडकं भिजवत होतो. वर बघतो तर हौद्यात मेथीच्या जुड्या. त्याशेजारी कोथिंबीर. मग दोन पोती वांगी चढली, मग एक मावशी चढल्या आणि पाटीवर हात टेकून म्हणाल्या, "जाधववाडीला काय घेतो रे?" मी म्हणालो, मावशी, ही व्हिंटेज गाडी आहे. त्या म्हणाल्या, आसंल, पण पन्नासच्या वर देणार नाही. तेवढ्यात आणखी दोघी चढल्या. गाडी बंद आहे असं मी सांगितलं तर तिघीही खाली उतरून ढकलायला लागल्या, आणि खोटं कशाला बोलू, ढकलल्यावर ती सुरू झाली. मी जाधववाडीला गेलो. हौदा भरलेला असताना मागचं वजन मिळाल्यामुळे ब्रेक पहिल्यांदाच नीट लागत होते. परत येताना रिकामी होती, ती पुन्हा बंद पडली. माझ्या मालकीच्या काळात तिनं केलेली ही एकमेव कमाई, भाड्याचे पैसे बायकोनं देवापुढे ठेवले.

आणि मग त्या खालच्या ओळी आल्या. आमच्या गल्लीत एक गृहस्थ राहतात, वाहननोंदणीच्या कामात उमेदीची वर्षं गेलेली, आता निवृत्त. त्यांना मी चहाला बोलावलं, गाडी दाखवली, आणि व्हीए नंबरासाठी कागद कसे लावायचे ते विचारलं. त्यांनी चष्मा लावून आरसी वाचली. मग नियम सांगितला. एक, व्हिंटेज नोंदणी खाजगी, बिगर-व्यावसायिक गाड्यांसाठी आहे. ही मालवाहू म्हणून नोंदलेली. दोन, चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. आणि आत्ताच तुम्ही मला दार, पत्रे, इंजिन सगळं कसं बदललं ते तासभर सांगितलंत. तीन, समजा मिळालीच नोंदणी, तरी ती गाडी रोज रस्त्यावर फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरायला जाणं, एवढंच.

"म्हणजे आता हिच्या कागदावर काय लिहायचं?" मी विचारलं.

"कागदावर पेट्रोलच होतं," ते म्हणाले. "इंजिन बदलल्याची नोंद त्या आधीच्या लोकांनी केलीच नव्हती. त्यामुळे आत्ता पहिल्यांदा कागद आणि गाडी जुळतायत. फक्त आता ती चालत नाही."

त्यांनी दुसरा चहा घेतला. चहा बायकोनं केला होता आणि तो देताना ती इतकी प्रसन्न दिसत होती की लग्नातल्या फोटोंची आठवण झाली.

सध्या गाडी उस्तादच्या शेडबाहेर उभी असते. हिरवीगार, चकचकीत, दारं बंद होताना ठणठणीत वाजणारी. लग्न ठरलेली पोरंपोरी येऊन तिला टेकून फोटो काढून घेतात. परवा एका नवऱ्या मुलानं विचारलं, काका, चालू करून दाखवा ना. मी म्हटलं, बेटा, सकाळी ये. कोंबड्या मात्र इथल्याही तिच्यावर बसतात. त्यांना मूळ रूपाचं विशेष कौतुक नाही. गेल्या महिन्यात आबा शहरात आले होते, मुद्दाम बघायला. गाडीभोवती फिरले, रंगावरून हात फिरवला, आत वाकून बघितलं, एसटीची सीट कुठं गेली म्हणून विचारलं. मग ओशाळून म्हणाले, "देखणी झाली हो साहेब. काही बिघाड झालाय का, उभी केली ती?"

उस्तादनं पाठ फिरवली. त्याचे खांदे हलत होते.

आता एक विनंती. गंगापूरकडच्या ज्या सद्गृहस्थांनी माझ्याकडून मॅटॅडोरचं इंजिन विहिरीसाठी नेलं, त्यांच्या नजरेस हे पडलं तर त्यांनी उस्तादच्या शेडवर निरोप ठेवावा. ते सांगतील ती किंमत देईन, बदल्यात एक चालू स्थितीतलं पेट्रोल इंजिनही देईन, फक्त सकाळी लवकर न्यावं. विहिरीला या दिवसांत पाणी तसंही फार नसतं.